पाच सवाष्णी आणि दोन गाड्या

दोन्ही गाड्या दारात आल्या तेव्हा ताराबाई उद्याच्या लाडवांचा पाक बघत होत्या. पाक एकतारी झाला होता, अजून थोडा चढायला हवा होता, आणि नेमकी त्याच वेळी बाहेरून राजमची हाक आली.

"वैनी, पाक राहू दे की! येऊन बघ, तुझ्या लेकानं काय आणून ठेवलंय!"

राजम ही धाकटी नणंद, पापनाशमची. रेल्वे क्वार्टरात सगळा संसार झालेला, त्यामुळे आवाज दोन प्लॅटफॉर्म ओलांडून जाणारा. ताराबाईंनी गॅस बारीक केला, पदराला हात पुसले आणि बाहेर आल्या.

मेडिकल कॉलेज रोडवरच्या त्यांच्या फाटकासमोर अर्धी गल्ली गोळा झाली होती. एक गाडी रुपेरी, लांब, चार दारांची. तिला कोठेही कोपरा म्हणून नव्हता. बॉनेटपासून डिकीपर्यंत हात फिरवला तर हात कुठे अडला नसता. दुसरी लाल. दोन दारं, दोन सीट, कापडी छप्पर मागे घडी घालून ठेवलेलं, आणि उंची एवढीच की ताराबाईंना वरून तिच्या सीट दिसत होत्या. नाक खाली, पाठ वर, पळायला निघालेल्या कालवडीसारखी ती फाटकाशी उभी होती.

आणि तिच्याभोवती सीतारामराव फिरत होते. हात पाठीमागे बांधून. चौतीस वर्षांच्या संसारात ताराबाईंनी त्यांना असं फिरताना एकदाच पाहिलं होतं, हरिप्रिया जन्मली तेव्हा, पाळण्याभोवती.

साठीशांत उद्यावर आली होती. इकडच्या तमिळ मुलखातल्या रीतीनं त्या दिवशी नवराबायकोचं पुन्हा लग्न लागतं, पुन्हा माळा, पुन्हा मंगळसूत्र. मुलानं बापाला काही द्यायचं म्हणून वेंकटेशनं चेन्नईहून फोनवरच सांगून टाकलं होतं, अप्पा, गाडी देतो. ॲम्बेसिडर विकल्यापासून सीतारामराव स्कूटर चालवत होते आणि रस्त्यावरच्या प्रत्येक नव्या गाडीकडे मान वळवून बघत होते. दहा वर्षांपूर्वी बघायला होतं काय? तीन गाड्या, त्यांचे चार रंग. आता रोज काहीतरी नवं दिसायचं, आणि मागे बसलेल्या ताराबाईंना त्या मानेवरूनच कळायचं की गाडी बघण्यासारखी आहे.

"ही व्हीटेक," वेंकटेश रुपेरी गाडीच्या छपरावर हात ठेवून म्हणाला. त्रिचीच्या शोरूममधून तो ती चालवून बघायला घेऊन आला होता. "शंभरावर सहा हॉर्सपॉवर, अप्पा. वर वर नेलं ना, की इंजिनाचा सूरच बदलतो. आणि आत सगळे आरामात. अम्मा, तुझ्या गुडघ्यांसाठी मी मुद्दाम सीटची उंची बघून घेतली."

"आणि ही?" हरिप्रियानं लाल गाडीकडे बोट दाखवलं.

"ती अप्पांचा हट्ट. माझ्या मित्राची आहे, तो सिंगापूरला निघालाय. देशात अशा मोजक्याच बनल्यात." वेंकटेशनं आवाज उतरवला. "छान आहे. खोटं कशाला बोलू? मी त्रिचीच्या पुलावर चालवली तेव्हा मलाच उतरवेना. पण दोनच सीट, अक्का. आपल्या घरात कधी दोघंच कोठे गेलीत?"

"हट्टबिट्ट काही नाही," सीतारामराव पटकन म्हणाले. "नुसती बघायला आणवली. मोठीच बरी. ताराचे गुडघे..."

नवऱ्याच्या पोटात काय आहे आणि ओठांवर काय आहे, हे ताराबाईंना हातच्या काकणाइतकं स्वच्छ दिसत होतं. नोकरीच्या सुरुवातीला मद्रासला असताना हा माणूस रविवारी शोळावरमला मोटारींच्या शर्यती बघायला जायचा. घरी येऊन वडिलांना म्हणाला, तशी गाडी घेणार. वडील म्हणाले, गाडी माणसं न्यायला असते, वारा खायला नव्हे. मग ॲम्बेसिडर आली आणि कालवे खात्यातल्या या शांत इंजिनियरनं पंचवीस वर्षं तिच्यातून सगळं गोत वाहिलं. बारशी, मुंजी, दवाखाने, आणि शेवटी वडिलांची रक्षासुद्धा.

"भांडू नका," ओसरीवरून वेंकूबाई म्हणाल्या. या थोरल्या नणंद, कुंभकोणमच्या. सासूबाई अंबाबाई गेल्यापासून घरातल्या रीतीभातींची किल्ली यांच्याच कमरेला. "आपल्या घरात वाहन अप्पाही निवडत नाहीत आणि मुलगाही नाही. पाच सवाष्णींनी बसून पुन्नैनल्लूरच्या मारियम्मन देवीला जाऊन यायचं. पाचजणी बरं म्हणाल्या तर वाहन घरचं, नाही तर आल्या वाटेनं परत. बैलगाडीपासून चालत आलंय. दोन्ही गाड्या ने."

पाच सवाष्णी घरात होत्याच. वेंकूबाई, राजम, लेक हरिप्रिया, सून नित्या आणि ताराबाई. वेंकटेशनं बोटं मोजली आणि खूश झाला.

"पाच सवाष्णी, पाच सीट! अत्त्या, ही गाडी आपल्या रीतीसाठीच बनवलीय बघ."

सगळे हसले. चाकांखाली लिंबं ठेवली गेली, रुपेरी बॉनेटवर कुंकवाचा टिळा लागला. वेंकूबाई पुढे बसल्या. मागे राजम, हरिप्रिया, नित्या, तिघीही रेशमी साड्यांत. दार मिटताना कसला म्हणून आवाज झाला नाही, नुसतं लोण्यात सुरी जावी तसं मिटलं. राजम सीटवर हात फिरवत "अय्यो, किती मऊ" म्हणत राहिली. ताराबाई कळशी घेऊन दाराशी उभ्या राहिल्या. वेंकटेश स्टिअरिंगमागे बसला, त्यानं मागे वळून पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"अम्मा?"

नित्या हळूच म्हणाली, "आपण चालवणाऱ्याला मोजलंच नाही."

ॲम्बेसिडरला पुढे सलग बाक होतं. चालवणारा धरून तिघं पुढे, तिघं मागे. घराचा हिशोब त्या बाकावर बसलेला. ते बाक जगातून गेलं हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं, पाण्याच्या इंचाइंचाची वाटणी करणाऱ्या सीतारामरावांच्याही.

"चौघी मागे बसू की," राजम म्हणाली आणि वीतभर सरकली. त्याहून जास्त सरकायला तिच्यापाशी जागाच नव्हती.

"तुम्ही जाऊन या," ताराबाई म्हणाल्या. "पाक चढेल माझा."

वाक्य आपोआप बाहेर आलं. इतक्या वर्षांत ते इतकं गुळगुळीत झालं होतं की बोलायला श्रमच पडायचे नाहीत. वेंकूबाईंनी कळशी हातात घेतली. "घरचीच तर तू. तुज मोजण्यात धरलंच आहे," त्या मायेनं म्हणाल्या, आणि गाडी निघाली.

वेंकूबाईंच्या मनात काही वाकडं नव्हतं, हे ताराबाई जाणून होत्या. ॲम्बेसिडरच्या वेळीही असंच झालं होतं. मदुरेच्या मावससासूबाई ऐन वेळी आल्या, त्या बसल्या, आणि नव्या सुनेनं दारात ताट धरलं. मोजली आणि मागे ठेवली. पुढं पंचवीस वर्षं ताराबाई त्या गाडीत बसल्या तेव्हा मागच्या सीटवर, मधोमध, पायांखाली उंचवटा आणि मांडीवर टिफिन-कॅरियर. खिडक्या मुलांना, कारण मुलांना ओकाऱ्या व्हायच्या. पुढची जागा सासूबाईंची, नंतर आलेल्यागेलेल्यांची. याचं त्यांना दुःख होतं का? तेव्हा विचारलं असतं तर नाही म्हणाल्या असत्या, आणि ते खरंही होतं. आज मात्र स्वयंपाकघरात येऊन त्यांनी पाक पाहिला. तो चढला होता. त्यांनी पाण्याचा हबका मारला आणि डोळे पुसले, वाफ गेली म्हणून.

रुपेरी गाडी परत आली ती कौतुकानं भरूनच. गाडी होतीच तशी, तिला नाव ठेवायला जागा नव्हती. राजम सांगत होती, मोकळ्या रस्त्यावर वेंकटेशनं पाय दाबला तेव्हा पाठ सीटला चिकटली, आणि कळशीतलं पाणी थेंबभर सांडलं नाही. हरिप्रिया म्हणाली, आत एसी इतका गार की बाहेरची उन्हं चित्रातल्यासारखी दिसतात. वेंकूबाईंचा निकाल आधीच लागला होता. "हीच घ्या. राजाची गाडी आहे."

"आता लाल," सीतारामराव म्हणाले आणि लगेच जोडलं, "रीत म्हणून फक्त."

"ह्यात एका वेळी एकच?" वेंकूबाईंनी नाक मुरडलं. "हे काय वाहन, रे सीतारामा? जोड्याला चाकं लावलीत."

पण रीत ती रीत, आणि थोरल्या म्हणून पहिला मान त्यांचा. त्यांना आत बसवताना दोघांचे हात लागले. सीतारामरावांनी इंजिन सुरू केलं तेव्हा एक घोगरा, जाड आवाज निघाला आणि गल्लीतली सगळी कुत्री उठून उभी राहिली. वेंकूबाईंनी डोळे मिटून देवीचं नाव घेतलं.

परत आल्या तेव्हा अंबाडा सुटला होता, डोक्यातली मोगऱ्याची माळ कुठल्या शेतात पडली ते मारियम्मनलाच ठाऊक. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"काय, अक्का?" ताराबाईंनी विचारलं.

वेंकूबाईंनी पदर सावरला. "दर्शन नीट झालं की नाही, मज काही आठवत नाही," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "पुन्हा एकदा जाऊन यावं लागेल बहुतेक."

मग राजम. ती बसली सुखानं. उतरताना मात्र हरिप्रियाला आणि वेंकटेशला मिळून ओढावी लागली, आणि ती ओढली जात असताना हसूच आवरेना. "तांदळाची पोती लादलेला ट्रॅक्टर मागे टाकला आम्ही! ड्रायव्हरनं मज सलाम केला!" हरिप्रिया गेली ती मोठ्या गाडीच्या बाजूनं आणि परत आली ती भावाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "वेंकू, अप्पा गिअर टाकतात ते तू बघितलंस का कधी? कळतच नाही केव्हा पडला." पक्ष असे भराभर फुटत होते. नित्याचा उलटा फुटला. सकाळपासून ती मनातून लाल गाडीची होती, परत आल्यावर मात्र सासूला बाजूला घेऊन म्हणाली, "अम्मा, जन्मात असं सुंदर काही चालताना पाहिलं नाही. पण उद्या आमच्याकडे बाळ झालं तर ते कोठें बसेल?" तिचं म्हणणं चूक नव्हतं.

"झालं," वेंकटेश म्हणाला. "आता अम्मा म्हणेल ते."

ताराबाईंनी हात धुतले. या वेळी पाक नव्हता, दूध नव्हतं, कुणी पाहुणी ऐन वेळी आली नव्हती. बाकीच्या चौघी जाऊन आल्या होत्या आणि सीट रिकामी होती. जायला दुसरं कुणी उरलंच नव्हतं.

त्या बसल्या. खाली, खाली, अजून खाली, आणि मग पाय लांब पसरले. गुडघे वाकवावेच लागले नाहीत. राजमनं सवयीनं प्रसादाचा टिफिन-कॅरियर त्यांच्या मांडीवर ठेवला. सीतारामरावांनी तो उचलला आणि राजमच्या हातात परत दिला.

"राहू दे. तिला हात मोकळे हवेत."

गाव मागे पडलं. पौष-माघातली, इकडच्या तै महिन्यातली कापणी चालू होती. पुढे खेड्यापाशी लोकांनी मळणीसाठी रस्त्यावरच पेंढ्या अंथरल्या होत्या, येणाऱ्याजाणाऱ्या चाकांखाली दाणा सुटावा म्हणून. ही गाडी इतकी बुटकी की पेंढा पोटाला लागला असता. सीतारामरावांनी वेग तोडला, कडेच्या वीतभर मातीवरून दोन चाकं अलगद नेली, कालव्याच्या पाण्याकडे एकदासुद्धा न बघता, आणि पुन्हा रस्त्यावर येताच गाडी अशी उचलली की ताराबाईंच्या तोंडून "अगं बाई" निघालं.

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. पंचवीस वर्षं त्यांनी हे चालवणं मानेमागून पाहिलं होतं. मानेवरचे केस पांढरे होताना पाहिले, घामाची रेघ पाहिली. गाडी चालवताना या माणसाचा चेहरा कसा होतो, ते त्यांना माहीतच नव्हतं. वळण आलं की सीतारामराव जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यात धरायचे, आणि वळण सुटलं की भुवया वर जायच्या, गणित सुटलेल्या पोरासारख्या. काय सुंदर चालवत होते! घाई नाही, दाखवणं नाही. किती हुशार माणूस आपल्या वाट्याला आला आणि आपण त्याची नुसती मान बघत बसलो, असं ताराबाईंना वाटलं.

"भीती वाटते?" सीतारामरावांनी विचारलं.

"नाही हो. जीभ चावाल, तेवढीच."

सीतारामराव ओशाळले आणि जीभ आत घेतली. पुढच्या वळणावर ती पुन्हा बाहेर आली.

देवळातून परत निघताना ते गाडी सुरू करायच्या आधी थांबले. "तारा, मोठीच घेऊ. ही म्हणजे माझं वेड. आता सगळे येणार जाणार, नातवंडं होतील. ती गाडी खरंच उत्तम आहे. वाईट असती तर निवडणं सोपं होतं."

"तुम्हाला ही हवी ना?"

"मला..." ते स्टिअरिंगवरून अंगठा फिरवत राहिले. "मला हवी असण्यानं काय होतं? आजपर्यंत गाडी कधी माझ्यासाठी घेतली?"

"सोडा आता," ताराबाई म्हणाल्या. "काय सांगायचं ते मी घरी सांगते."

फाटकाशी सगळे वाट बघत उभे होते. वेंकटेशनं दार उघडलं, आईला हात दिला. ताराबाई मात्र उतरल्या नाहीत.

"लाल," त्या म्हणाल्या.

वेंकटेशचा हात तसाच राहिला. "अम्मा, तू अप्पांसाठी म्हणतेयस."

"नाही रे, राजा. माझ्यासाठी म्हणते."

"तुझ्यासाठीच तर मी ती मोठी बघितली!" त्याचा आवाज चढला आणि मग फाटला. "लहानपणापासून बघतोय मी. तू कायम मध्ये अडकलेली, मांडीवर डबे. मला वाटायचं, मी मोठा झालो की अशी गाडी आणीन की अम्मालासुद्धा ऐसपैस बसता येईल."

ते त्याला दिसत होतं, हे ताराबाईंना आजवर ठाऊक नव्हतं. त्यांनी लेकाचा हात घट्ट धरला. डोळ्यांत पाणी आलं ते या वेळी त्यांनी वाफेवर ढकललं नाही.

"तुझी गाडी राजाचीच आहे, कण्णा. तूच घे ती. पुढे नित्याला बसव, मागे पोरं भर, आम्ही बघून खूश होऊ. पण ती माझ्या दारात आली तर काय होईल, ते तू सकाळीच पाहिलंस. पाच सीट होत्या, पाच जणी होतो, आणि खाली कोण राहिलं? कुणी मागे ठेवलं नाही मज. मीच राहिले. मोठ्या गाडीत जागा असते ना, तेवढी मी कायम सोडत जाणार. माझा स्वभावच तसा झालाय, आता काय बदलणार? हिच्यात ह्यांच्या शेजारी एकच जागा आहे. ती सोडून मी बसू कोठें?"

राजमनं नाक ओढलं, दोन प्लॅटफॉर्म ओलांडून जाईल इतक्या मोठ्यानं. सीतारामराव समोरच्या काचेतून गल्लीच्या टोकाकडे बघत होते आणि त्यांचे दोन्ही हात अजून स्टिअरिंगवर होते.

शेवटी वेंकूबाई पुढे आल्या. कुंकवाच्या करंड्यात बोट बुडवून त्यांनी लाल बॉनेटवर टिळा लावला. लालावर लाल तो काही उठून दिसला नाही. मग वाकून तेच बोट ताराबाईंच्या कपाळाला लावलं.

"ॲम्बेसिडरच्या वेळी चारच घरच्या होत्या," त्या म्हणाल्या. "पाचवी पाहुणी होती. मज ठाऊक होतं, मी बोलले नाही. आज पाच भरल्या."

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. मंगळसूत्र बांधताना साठ वर्षांच्या नवरदेवाची गाठ दोनदा सुटली, आणि लेकीसुनांनी त्यावरून मनसोक्त चिडवलं. जेवणं झाली, जोडप्यानं देवीला जाऊन यायचं ठरलं. रुपेरी गाडीत सहा जण कोंबून बसले, उरलेले टाऊन बसनं निघाले. घोगरा आवाज गल्लीत घुमला. राजम धावत आली आणि सवयीनं टिफिन-कॅरियर पुढे केला.

"तो बसनं येईल," ताराबाई म्हणाल्या.

गळ्यातली माळ वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यांनी एका हातानं धरली. मागे कोण राहिलं, कुणाचं काय राहिलं, हे बघायला त्या वळल्या नाहीत. मागे सीटच नव्हती.